आर्जाची गाढवं

१२ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

इओले, आज नवी वही उघडली. आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग माझं पुराण. तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून पाय आडवा टाकतेस का? तुझ्या ग्वाल्तिएरोचा खोकला थांबला, की अजून गच्चीत जाऊन चोरून ओढतो? नेलिदाच्या डोळ्यावरची पट्टी एव्हाना निघाली असेल. तिच्या धाकट्याचा कान फुटला होता, तो बरा झाला का? आणि तुमचा तो म्हातारा पोपट, आपल्या आईसारखा शिंकतो तो, आहे का अजून? मी बरी आहे. रक्तदाब आहे तिथेच आहे, एक दात गेला, भूक शाबूत आहे.

दरवर्षीसारखी ही वही नाताळपर्यंत लिहीन आणि कापडात बांधून समुद्रापार रोसारियोला पाठवीन. तुझी तू मला पाठव. पत्रात माणूस केस विंचरून बोलतो, वहीत घरच्या कपड्यांवर बसता येतं. चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईला तेच सोपं.

आज मंगळवार, म्हणजे आमचा तोर्तेल्लीनीचा दिवस. चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबल मांडून आम्ही चौघी बसतो, त्याला पुढच्या वर्षी तीस वर्षं होतील. नोर्मा पोळी लाटते, ती अशी पातळ की तिच्यातून खिडकी दिसावी. वेलिया चौकोन कापते. मांसाचं सारण माझ्याकडे, ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मग चौघी मिळून चौकोनाचा त्रिकोण करायचा, करंगळीभोवती मुरडायचा आणि टोकाला टोक दाबायचं. वृद्धाश्रमाला, जत्रेला, नाताळात अर्ध्या गावाला आमच्याच हातच्या जातात.

चौघी म्हणते खरी, पण सप्टेंबरपासून तिघीच आहोत. आर्जा येत नाही. सुटीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी तिचा निरोप आला की बोटं सुजतात, आता मुरडणं होणार नाही. सहासष्टाव्या वर्षी कसली बोटं सुजतात? आमच्यात सगळ्यांत लहान ती. आज तिच्या खुर्चीवर वेलियाने पिशव्या ठेवल्या. मला आवडलं नाही, पण मी बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलले.

करमत नाही गं तिच्याशिवाय. हसायचं कुणाला? तिची मुरड अशी की टोक एकदाच दाबते, दुसऱ्यांदा हात लावत नाही, त्यामुळे एक कान वर राहतो. अगदी पहिल्याच मंगळवारी मी म्हटलं होतं, "आर्जा, ह्या तोर्तेल्लीनी नव्हेत गं, ही गाढवं आहेत." तेव्हापासून ताटं भरली की मी उठते, सगळ्यांच्या मागून एक चक्कर मारते आणि तिची गाढवं वेचून बाजूला रांगेत उभी करते. "आज किती? एकवीस? तबेला बांधावा लागणार." सगळ्या हसतात, ती पण हसते. हसल्याशिवाय हात चालतात का? जूनच्या जत्रेत तर मी कहरच केला. तिच्या मुरडीची वेगळी पिशवी भरली आणि वर चिठ्ठी लावली, 'आर्जाची गाढवं, अर्ध्या भावात'. फादरसुद्धा हसले. आर्जा तर इतकी हसली की डोळे पुसत आत गेली आणि मग कितीतरी वेळ भांडी घासत बसली. पाळी तिची नव्हतीसुद्धा. अशी कामसू बाई.

२० नोव्हेंबर, बुधवार

बातमी आहे. जत्रेच्या समितीने आम्हा चौघींना जेवण दिलंय, तेही 'नेल्लोचं अंगण'मध्ये. तुझ्या वेळी तिथे रेशमाच्या व्यापाऱ्याचा बंगला होता, पुलापलीकडे, आठवत असेल. आता तिथे मिलानहून मोटारी येतात आणि माणसं महिना महिना आधी टेबल राखून ठेवतात. आमचं पाच डिसेंबरला, गुरुवारी दुपारी.

आर्जाला सांगायला गेले. सकाळी दोनदा जाऊन आले होते, दार बंद. आज दुपारी चारनंतर भेटली. कॉफी करायला घेतली, तर किटलीचं आट्यांचं झाकण मला फिरवता येईना. तिने एका हिसक्यात फिरवलं.

"बोटं बरी दिसतात," मी म्हटलं.

"औषध चालू आहे."

"पोटात घ्यायचं?"

"लावायचं."

तिच्या बाहीला जायफळाचा वास येत होता. जायफळ घातलेलं लावायचं औषध मी ऐकलं नव्हतं, पण हल्ली काहीही निघतं. मग मी जेवणाचं सांगितलं. मला वाटलं हरखेल, तर कप हातात धरून नुसती बघत राहिली.

"नेल्लोच्या अंगणात?"

"हो. तू, मी, नोर्मा, वेलिया."

"मला नाही जमायचं गुरुवारी."

"मग दिवस बदलून घेऊ. शनिवारी?"

"शनिवारी तर मुळीच नाही."

"रविवारी?"

"झाइरा, रविवारी मला श्वास घ्यायला..." म्हणाली आणि थांबली. "रविवारी मी थकलेली असते."

"काय करून थकतेस?"

"वय झालं."

"आठ वर्षांनी मोठी मी, आणि वय तुझं झालं का?"

हसली नाही. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मासा मागवा, तिथला मासा चांगला असतो म्हणतात. तोर्तेल्लीनी नका मागवू."

"का गं?"

"घरचंच खायचं तर घराबाहेर कशाला पडायचं?"

२३ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या जिवाला घोर लागलाय. आर्जाच्या खालच्या मजल्यावरच्या ओत्ताव्यो शिंप्याने सांगितलं की रोज सकाळी आठला एक पांढरी व्हॅन येते, तिला घेऊन पुलापलीकडे जाते आणि चारला आणून सोडते. मंगळवार तेवढा सुटतो. पुलापलीकडे काय आहे? इस्पितळ आहे.

रोजचे उपचार म्हणजे साधं दुखणं नव्हे. आता सगळं जुळतं, थकवा, दार बंद असणं, बोलता बोलता थांबणं. आणि ती आम्हाला सांगत नाही, कारण आमच्या जिवाला त्रास नको. पहिल्यापासून अशीच आहे. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले. संध्याकाळी भाजी चिरताना थोडी रडले, कांदा नव्हता तरी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तिघी. ठरवलं की आर्जाला काही विचारायचं नाही, पण जेवायला गेल्यावर चौथी खुर्ची तशीच ठेवायची. तिची जागा आम्ही धरून आहोत हे तिला कळलं पाहिजे. तीस वर्षांची मैत्रीण अशी हातातून जाऊ द्यायची नाही.

वेलिया म्हणाली, "तिला जरा एकटीला राहू दे की."

"आजारी माणसाला एकटं ठेवतात का?" मी म्हटलं.

नोर्मा पोळी लाटत राहिली, नेहमीपेक्षा जोरात.

५ डिसेंबर, गुरुवार

घरी येऊन तीन तास झाले. अंगावरचा चांगला कपडा अजून काढलेला नाही.

सगळं क्रमाने लिहिते. साडेबाराला नोर्माच्या छोट्या मोटारीतून गेलो. आत उंच छत, पांढरे टेबलक्लॉथ, इतके कडक की गुडघ्याला टोचावेत. चाळिशीचा एक वाढपी आला, बारीक मिशीचा. प्रत्येकीच्या खुर्चीशेजारी एक बुटकं स्टूल ठेवलं. वेलियाने त्यावर पाय ठेवले.

"सिन्योरा, ते पर्ससाठी आहे."

"माझ्या पर्सला काय झालंय? ती उभी राहू शकते."

चौथं ताट तो उचलायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. "राहू दे. आमची एक मैत्रीण आजारी आहे. तिची जागा आहे ही." चर्चमध्ये बोलतो तसा आवाज आपोआप निघाला. तो मान लवून म्हणाला, "लवकर बऱ्या होवोत." नोर्मा टेबलक्लॉथची घडी चाचपत बसली.

आधी प्रत्येकीला एक चमचा आला. चमच्यात फेस. वेलियाने चाखला. "दात घासायचं आहे का हे?" मी हसून हसून रुमाल तोंडाला लावला. छान चाललं होतं, इओले. तेवढंच चालायला हवं होतं.

वेलियाला मासा हवा होता. मी म्हटलं, मासा कसला घेतेस, तिघींना सुपातल्या तोर्तेल्लीनी आण. इथल्या स्वयंपाक्याला किती येतं ते बघू. आर्जा नको म्हणाली होती म्हणूनच जास्त वाटलं.

आल्या. खोलगट ताटलीत आधी नुसत्या, मग वाढप्याने चिनीमातीच्या भांड्यातून वरून सूप ओतलं, निवळ, सोनेरी. वास आला आणि मी गप्प झाले, इतका चांगला. मग चमच्याने एक उलटी केली.

"नोर्मा, हे बघ."

"बघितलं."

"कान."

"झाइरा, जेव."

"अगं पण कान वर आहे. एवढ्या मोठ्या हॉटेलात." वाढप्याला बोलावलं. "ह्या कुणी मुरडल्या?"

"काही चुकलं का, सिन्योरा?"

"चुकलं कसलं. आमच्या टेबलावर ह्यांना गाढवं म्हणतात. अर्ध्या भावात विकतो आम्ही."

वेलिया सवयीने हसली, मग नोर्माकडे बघून थांबली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, आणि तू मला ओळखतेस, बघणारं कुणी असलं की मला चेव येतो. मी एकेक वेचून ताटलीच्या काठावर रांगेत उभी करायला लागले. मोजत होते, मोठ्याने. सतरा होत्या. सतराच्या सतरा कानवाल्या, आणि सगळे कान एकाच उंचीचे. असे कान मी दर मंगळवारी वेचत आलेय, तरी मला कळलं नाही.

वाढपी आत गेला. बाहेर आला तो नेल्लो स्वतः, स्वच्छ पांढऱ्या कोटात, तरुण माणूस.

"सिन्योरा झाइरा आपणच का?"

माझं नाव ठाऊक आहे म्हणून मी खूश झाले. तेही लिहून ठेवते.

"सिन्योरा आर्जांनी निरोप दिलाय. म्हणाल्या, त्या बाईंना म्हणावं, सूप निवतंय."

वेलियाने चमचा खाली ठेवला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो अभिमानाने सांगायला लागला. "अकरा जणींच्या हातच्या खाऊन बघितल्या आम्ही. सगळ्यांची गाठ दाताखाली कडक लागायची. ह्यांची लागत नाही, कारण त्या एकदाच दाबतात. दुसऱ्यांदा दाबलं की पीठ तिथे घट्ट होतं." सिन्योरा आर्जा, सिन्योरा आर्जा, दर वाक्याला. तीस वर्षांत आमच्यापैकी कुणी तिला सिन्योरा म्हटलं नव्हतं. आणि मी दोनदा दाबते. मला तसंच शिकवलं होतं.

तो गेल्यावर सतरा जणी एकेक करून परत सुपात सोडल्या आणि खाल्ल्या. सूप निवलं होतं. गाठ कडक लागली नाही. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. हे फक्त इथे लिहिते.

जाताना तिला भेटायचं म्हटलं. वाढपी आत विचारून आला. म्हणाला, त्या कामात आहेत.

पुलावर आल्यावर नोर्मा बोलली. रस्त्यावरची नजर तिने काढली नाही.

"जूनमध्ये ती हसत नव्हती, झाइरा."

"डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मी बघितलं."

"तू पाणी बघितलंस."

मला रागच आला. म्हटलं, "मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का? तू पण हसायचीसच की. वेलिया पण हसायची."

"हसायचो," वेलिया मागून म्हणाली. "आज पाळी आर्जाची आहे तर आपली नाही, म्हणून हसायचो."



८ डिसेंबर, रविवार

दोन दिवस फक्त राग आला. सगळ्यांचा. आजारी समजून मी मेणबत्ती लावते आणि ही बाई ठणठणीत, पुलापलीकडे नाव कमावतेय. आज राग ओसरला तेव्हा गेले. संध्याकाळचे पाच वाजले होते. आर्जा गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. उठली नाही, दार उघडंच होतं.

"म्हणजे आजारी नाहीस," मी म्हटलं.

"नाही."

"मी मेणबत्ती लावली होती तुझ्यासाठी."

"वाया नाही जायची. पाय दुखतात."

मी समोर बसले. तिच्या घरी मी शंभरदा गेले असेन, पण आज हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"मला सांगायचंस की, आर्जा. लागतं म्हणून. एकदा तरी."

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तू सगळ्यांना म्हणालीस, आर्जाला गंमत कळत नाही. मग मी हसायला शिकले."

मला ते आठवत नाही, इओले. ती खोटं बोलणारी नाही, म्हणजे झालं असणार.

चिडून बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. म्हणाली, "तिथे कुणी माझ्या मागे येऊन उभं राहत नाही. पहिले पंधरा दिवस ताट भरलं की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. नेल्लो विचारायचा, सिन्योरा, कुठे दुखतंय का? आता नाही होत."

"मंगळवारी हॉटेल बंद असतं ना?"

"असतं."

"मग मंगळवारी ये."

"मंगळवारी मी काहीच करत नाही. खिडकीत बसते. फार बरं वाटतं." मग पायाने पाणी जरा ढवळलं आणि म्हणाली, "कशा लागल्या?"

"सूप निवलं होतं."

"ते मला माहीत आहे. तोर्तेल्लीनी."

"चांगल्या होत्या," मी म्हटलं. माझ्यापेक्षा, हे पुढचं ओठांपर्यंत आलं होतं. तिने मान हलवली. थोडा वेळ वाट बघितली असावी. मग म्हणाली, "पाणी गार झालं, तेवढं पातेलं देशील?" मी दिलं. आणि निघाले.

येशील का, असं दारातून पुन्हा विचारलं. "बघते," म्हणाली. तिचं 'बघते' कसं असतं ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत तिला कधी 'बघते' म्हणू दिलं नाही बहुतेक.

१० डिसेंबर, मंगळवार

नाताळची गडबड, चाळीस घरांच्या मागण्या, तिघीच. आर्जा आली नाही. मी दाराकडे तोंड करून बसले होते, म्हणजे आलीच तर लगेच दिसेल. वेलिया तिच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, सून दुधात कशी पाणी घालते ते. आम्ही हो हो करत होतो. बरं चाललं होतं.

ताटं भरली. मी उठले. खरंच सांगते, काही करायचं मनात नव्हतं, पाय मोकळे करायचे होते. वेलियाच्या मागे पोचले तर तिने कोपराने आपलं ताट अंगाशी ओढलं. वर बघितलं नाही, बोलणं थांबवलं नाही, सुनेचं दूध चालूच होतं. कोपर आपोआप गेलं. नोर्माकडे बघितलं, तर तिची पाठ सरळ झाली होती आणि हातातलं लाटणं पोळीवर थांबलं होतं.

मी जागेवर जाऊन बसले. दोघींना काही कळलंसुद्धा नाही. लाटणं पुन्हा फिरायला लागलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आईच्या टेबलावर तोर्तेल्लीनी मुरडायला तू माझ्या डाव्या हाताला बसायचीस. सात वर्षांची होतीस तेव्हापासून लग्न होऊन बोटीत बसलीस तोपर्यंत. तुझ्या ताटाला मी काय म्हणायचे? आज दिवसभर आठवून बघतेय. काहीही आठवत नाही. मला फक्त तू हसताना आठवतेस.

वही नाताळपर्यंत ठेवत नाही, निम्मी कोरी आहे तशीच उद्या टपालात टाकते. तुला आठवत असेल. माझं वय, माझा रक्तदाब, कशाचा विचार करू नकोस. तुझी वही भरायची वाट बघू नकोस, साधं पत्र चालेल, दोन ओळी चालतील. पण लवकर लिही, इओले.

तुझी,
झाइरा